किडनीसाठी डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम: गोळी चांगली, पण ती कोणत्या दिवशी घ्यायची नाही हे आधी शिका

जुनाट किडनीविकारासाठी गेल्या काही वर्षांत जी औषधं आली, त्यांत डापाग्लिफ्लोझिनइतकं सोपं दिसणारं दुसरं नाही. दिवसातून एक गोळी, १० मिलिग्रॅम. जेवणाआधी घ्या की नंतर, फरक पडत नाही. डोस वाढवत न्यायचा नाही, सुई टोचायची नाही. आणि याच सोपेपणामुळे ती चुकीच्या पद्धतीने घेतली जाते. रोजच्या तीनशेपन्नास दिवसांत हिचा त्रास जवळपास नसतो. उरलेल्या पंधरा दिवसांत, म्हणजे उलट्या-जुलाब, कडक उपास, ऑपरेशन, उन्हातली पायपीट अशा दिवसांत ती धोक्याची ठरू शकते. प्रिस्क्रिप्शनवर मात्र फक्त 'रोज सकाळी एक' इतकंच लिहिलेलं असतं.

हे परीक्षण आहे ते मूळ औषधाचं आणि ते आपल्याकडे ज्या रूपांत विकलं जातं त्या पाकिटांचं.

आधी ती काय करते ते. निरोगी किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि त्याबरोबर जवळजवळ १८० ग्रॅम साखरही गाळली जाते. ही साखर वाया जाऊ नये म्हणून गाळणीच्या पुढच्या नळीत ती परत ओढून घेणारे वाहक असतात. त्यांतला मुख्य वाहक, एसजीएलटी-२, सुमारे नव्वद टक्के साखर परत घेतो. गोळी हा वाहक अडवते. साखर आणि तिच्याबरोबर थोडं मीठ नळीत पुढे जातं. पुढे मीठ मोजणाऱ्या पेशी असतात. त्यांना जास्त मीठ आलेलं दिसलं की त्या गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी थोडी आवळतात आणि गाळणीतला दाब उतरतो. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल: मोटारीचा दाब जास्त असेल तर फिल्टरची जाळी आधी ताणते, मग फाटते. व्हॉल्व्ह थोडा आवळला तर पाणी जरा कमी येतं, पण जाळी टिकते. किडनीची जाळी फाटते आहे याची खूण म्हणजे लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन, म्हणजेच फेसाळ लघवी.

मुळात या औषधकुळाचं बीज सफरचंदाच्या झाडात आहे. १८३५ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं काढलं. ते पोटात नीट टिकत नव्हतं, म्हणून त्याची सुधारित रूपं बनवायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. डापाग्लिफ्लोझिनला युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली ती मधुमेहासाठी. किडनीसाठी अमेरिकेत ती २०२१ मध्ये मिळाली.

किडनीचा पुरावा ज्या चाचणीवर उभा आहे ती डापा-सीकेडी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ४,३०४ रुग्ण, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश मधुमेही आणि एक तृतीयांश मधुमेह नसलेले. ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, जितका कमी तितकी किडनी मंद) २५ ते ७५, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर २०० ते ५,००० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. जवळपास सगळे जण आधीपासून टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या किंवा रॅमिप्रिलच्या गटातली रक्तदाबाची गोळी घेत होते. साधारण २.४ वर्षांत ईजीएफआर निम्म्याने घटणं, किडनी निकामी होणं, किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू यांपैकी काहीतरी घडलं ते खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी १४.५ टक्के लोकांना आणि खरी घेणाऱ्यांपैकी ९.२ टक्के लोकांना. म्हणजे साधारण १९ जणांनी तेवढा काळ गोळी घेतली तर एकाची वाईट घटना टळते. किडनीच्या औषधांत हा आकडा फार चांगला आहे. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

पण ही गोळी नापास ठरवली जाते ती चुकीच्या मोजपट्टीवर. 'तीन महिने घेतली, क्रिएटिनिन काही उतरलं नाही' ही तक्रार जागोजागी ऐकू येते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ, उतरवणं हे हिचं काम नाही. डापा-सीकेडीत सुरुवातीचा काळ सोडून पाहिलं तर खोटी गोळी घेणाऱ्यांचा ईजीएफआर वर्षाला ३.५९ ने घटत होता आणि खरी घेणाऱ्यांचा १.६७ ने. उतार थांबत नाही, निम्म्यावर येतो. पन्नाशीच्या माणसासाठी डायलिसिस काही वर्षं पुढे जाणं ही लहान गोष्ट नाही. पण ती तीन महिन्यांच्या रिपोर्टमध्ये दिसणार नाही.

उलट पहिल्या काही आठवड्यांत रिपोर्ट थोडा बिघडतो. ईजीएफआर सर्वसाधारणपणे ३ ते ५ अंकांनी खाली येतो आणि क्रिएटिनिन त्या मानाने चढतं. वर सांगितलेला व्हॉल्व्ह आवळला गेला एवढाच त्याचा अर्थ. ४० चा ३६ झाला तर गोळी काम करते आहे. ४० चा २८ झाला, म्हणजे तीस टक्के उतरला, तर थांबून कारण शोधायला हवं: अंगातलं पाणी कमी झालंय का, लघवीची गोळी जास्त होतेय का, मधे कुणी दुखण्याची गोळी घेतली का. तरुण आणि प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला लगेच तपासणी लागतेच असं नाही. वय जास्त असेल, रक्तदाब कमी राहत असेल, किंवा फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड अशी लघवीची गोळी चालू असेल तर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून घेणं शहाणपणाचं. सगळ्यात वाईट काय होतं? पहिला वाढलेला रिपोर्ट बघून घरचेच गोळी बंद करतात, आकडा परत खाली येतो आणि 'त्या गोळीनेच किडनी खराब होत होती' असा पक्का समज होतो. त्या माणसाला ती गोळी पुन्हा द्यायला मग कुणी धजत नाही.

कुणासाठी ही गोळी नाही, हे पाकिटावर बारीक अक्षरांतही धड सापडत नाही. टाइप १ मधुमेह असेल तर नाही. युरोपात २०१९ मध्ये टाइप १ साठी ५ मिलिग्रॅमची परवानगी दिली होती, ती २०२१ मध्ये मागे घेतली गेली. आधी कधी कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा प्रकार, झाला असेल तर नाही. किडनीत पाण्याच्या गाठी असण्याचा आनुवंशिक आजार, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी, असेल तर तिचा फायदा होईल अशी अपेक्षा नाही. किडनीच्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा नुकतीच संपली असतील, जसं ल्युपसमध्ये असतं, तर अमेरिकेच्या लेबलनुसार शिफारस नाही. किडनी बदललेल्यांनी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांशिवाय कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये. गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत नको, अंगावर पाजत असताना नको.

ईजीएफआर किती खाली असताना सुरू करता येते, याबद्दल दोन आकडे ऐकू येतात आणि त्यावरून गोंधळ होतो. अमेरिकेचं लेबल सांगतं की २५ च्या खाली नव्याने सुरू करू नका. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं २० पर्यंत खाली जातात. दोन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे: आधीपासून चालू असलेली गोळी आकडा त्याखाली घसरला म्हणून लगेच बंद करायची नसते. डायलिसिस सुरू होईपर्यंत ती चालवता येते. लघवीतून अल्ब्युमिन अजिबात जात नसेल, मधुमेह नसेल आणि हृदयही ठीक असेल, तर हिचा फायदा कमी असतो. 'क्रिएटिनिन १.४ आलंय, किडनीची नवी गोळी लिहून द्या' असा हट्ट धरण्याआधी यूएसीआरची, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनच्या गुणोत्तराची, तपासणी करून घ्या. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्या. आदल्या दिवशी ताप किंवा भरपूर व्यायाम झाला असेल तर तपासणी पुढे ढकला, नाहीतर आकडा खोटा वाढलेला येतो.

आता दुकानातलं पाकीट. मूळ ब्रँड ॲस्ट्राझेनेका कंपनीचा, फॉर्झिगा: १० मिलिग्रॅमची पिवळी, शंकरपाळ्याच्या आकाराची गोळी. भारतातलं एक पेटंट २ ऑक्टोबर २०२० रोजी संपलं, दुसरं मे २०२३ मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयाने मधल्या काळातही देशी कंपन्यांना अडवलं नाही. त्यामुळे आज डझनांनी ब्रँड आहेत आणि किंमत पूर्वीच्या मानाने फार खाली आली आहे. जनऔषधी केंद्रातही विचारून बघा. आमच्या मते मान्यताप्राप्त कंपनीची जेनेरिक गोळी घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र दर महिन्याला वेगळा ब्रँड घेऊ नका. गोळीचा रंग-आकार बदलला की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ती नवी गोळी वाटते आणि जुनीही चालूच राहते.

पाकिटाच्या मागची ओळ वाचायला शिका. तिथे बहुधा 'डापाग्लिफ्लोझिन प्रोपेनडायॉल मोनोहायड्रेट' असं लिहिलेलं असतं आणि पुढे '१० मिलिग्रॅम डापाग्लिफ्लोझिनशी समतुल्य'. त्याचं वजन १२.३ मिलिग्रॅम दिसलं तर घाबरू नका. वरचं वजन जोडीला असलेल्या रेणूंचं आहे, औषध १० च आहे. किडनीसाठी डोस १० मिलिग्रॅमच. यकृत खूपच खराब असेल तर ५ ने सुरुवात करतात. दुकानात १० ची नसेल तर ५ च्या दोन चालतात. पैसे वाचवायला १० ची अर्धी करून खाणं म्हणजे पुरावा नसलेला डोस घेणं.

खरी घोडचूक होते ती जोडगोळ्यांत. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिन एकटं मिळतं तसंच मेटफॉर्मिनबरोबर, सिटाग्लिप्टिनबरोबर, व्हिल्डाग्लिप्टिनबरोबर, लिनाग्लिप्टिनबरोबर, ग्लिमेपिराइडबरोबरही मिळतं, आणि तीन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्याही आहेत. ब्रँडचं नाव तेच, शेवटी फक्त एक अक्षर वाढलेलं. साधी संपली म्हणून मेडिकलवाल्याने 'तीच आहे हो, एम वाली' असं म्हणत दुसरं पाकीट पुढे केलं, तर ती तीच नसते. एमवालीत मेटफॉर्मिन असतं, बऱ्याचदा ५०० किंवा १,००० मिलिग्रॅम. ईजीएफआर ३० च्या खाली मेटफॉर्मिन बंदच करायचं असतं, ४५ च्या खाली डोस कमी करायचा असतो. ते अंगात साठलं तर लॅक्टिक ॲसिड वाढून जिवावर बेतू शकतं. सिटाग्लिप्टिनचा डोसही ईजीएफआरप्रमाणे बदलतो: ४५ च्या खाली ५० मिलिग्रॅम, ३० च्या खाली २५. जोडगोळीत मात्र तो ठरलेलाच असतो. लिनाग्लिप्टिनला हा प्रश्न नाही. आणि ज्याला मधुमेहच नाही, फक्त किडनीसाठी डापाग्लिफ्लोझिन चालू आहे, त्याच्या हाती चुकून ग्लिमेपिराइडची जोडगोळी पडली तर साखर खाली येते, आणि किडनी मंद असल्यामुळे ती बराच वेळ खालीच राहते. म्हणून दुकानातून निघण्याआधी पाकीट उलटं करा आणि रचनेत एकच औषध आहे ना ते बघा. अक्षरांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी ती आपापल्या मनाने लावते.

दुसरी चूक दुहेरी डोसची. किडनीच्या डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन लिहिलं, हृदयाच्या डॉक्टरांनी त्याच कुळातलं एम्पाग्लिफ्लोझिन, आणि साखरेच्या डॉक्टरांनी तिसऱ्या नावाची जोडगोळी. तिन्ही प्रिस्क्रिप्शनं वेगळ्या फायलींत. '-ग्लिफ्लोझिन' असा शेवट असलेलं एकच औषध दिवसात पोटात जायला हवं. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओता. यादी लिहून नेण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण यादीतून नेमकी तीच गोळी सुटते जी 'कधीतरीच' घेतली जाते.

घेण्याची रीत सोपी. सकाळची वेळ बरी, कारण लघवी थोडी वाढते, सुरुवातीला दिवसाला साधारण पावणेचारशे मिलीपर्यंत. रात्री घेतली तर झोप मोडते. एखादी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडा. दोन कधीच नाही. पाकीट ३० अंशांच्या खाली ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात स्वयंपाकघरातलं फडताळ ही त्यासाठी वाईट जागा आहे.

टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर ते बंद करून ही सुरू करायची नसते, दोन्ही एकत्र चालतात. लघवीची गोळी चालू असेल तर तिचा डोस कमी करावा लागू शकतो. रोज सकाळी लघवीनंतर वजन करा, आणि उभं राहिल्यावर चक्कर येते का बघा. पहिल्या दोन आठवड्यांत वजन झपाट्याने घटून चक्करही येत असेल तर डॉक्टरांना फोन करा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांचा ईजीएफआर चांगला असेल आणि साखर आधीच ताब्यात असेल, तर त्यांचा डोस डॉक्टर थोडा उतरवतात. पण इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणं ही या गोळीबरोबर करता येणारी सर्वांत धोकादायक गोष्ट आहे. का, ते पुढे येतंय. ईजीएफआर ४५ च्या खाली असेल तर साखरेवर हिचा परिणाम फारच थोडा होतो, किडनीवरचा परिणाम मात्र टिकतो. साखर उतरत नाही म्हणून गोळी फुकट गेली असं समजू नका.

लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर चार प्लस येणार, मधुमेह नसला तरी. गोळी पोटात जात असल्याची ती खूण आहे. पॉलिसीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा गावच्या शिबिरात यावरून कुणी 'तुम्हाला शुगर आहे' म्हणालं तर रक्तातली साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघायला सांगा.

साखर लघवीतून जाते म्हणजे त्या जागेला बुरशीला खाऊ मिळतो. हा या गोळीचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास, बायकांमध्ये अधिक, पुरुषांमध्येही पुढच्या कातडीखाली. लोक लाजेने सांगत नाहीत, गोळी मात्र गुपचूप सोडतात. उपाय साधा आहे: प्रत्येक लघवीनंतर साध्या पाण्याने धुणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोरडं करणं. सुती अंतर्वस्त्रं, घाम आला की बदलणं. पुरुषांनी आंघोळीत कातडी मागे घेऊन धुवावी. खाज, पांढरट थर, लाली दिसली तर डॉक्टर क्लोट्रिमाझोलसारखं मलम देतात आणि बहुतेक वेळा काही दिवसांत बरं वाटतं, गोळी बंद करावी लागत नाही. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं 'खाजेचं मलम' आणून लावू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी आतून वाढत राहते. जननेंद्रिय आणि गुदद्वार यांमधल्या भागात दुखणं, सूज, लाली आणि अंगात १००.४ च्या वर ताप असेल तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. हा फोर्नियर गँगरीन असू शकतो. अतिशय दुर्मीळ, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याबद्दल या सगळ्या कुळाला इशारा जोडला आहे. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वरच्या बाजूला दुखणं ही किडनीपर्यंत पोहोचलेल्या जंतुसंसर्गाची खूण. त्यातही वाट बघू नका.

आता ते पंधरा दिवस.

पोटात अन्न जात नसेल आणि इन्सुलिन अपुरं असेल तर शरीर चरबी जाळतं आणि कीटोन तयार होतात. ही गोळी शरीराला त्याच दिशेला थोडं ढकलते. शिवाय साखर लघवीतून निघून जात असल्यामुळे रक्तातली साखर फारशी वाढलेली दिसत नाही. एरवी कीटोॲसिडोसिस म्हटलं की साखर चारशे-पाचशे असणार असं डॉक्टरही धरून चालतात. इथे ती दीडशे-दोनशेही असू शकते. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जोरात चालणारा श्वास, गळून गेल्यासारखं होणं, आणि ग्लुकोमीटरवर १८०. मग सगळे म्हणतात 'ॲसिडिटी आहे', आणि दोन दिवस जातात. मधुमेह असलेल्या माणसात ही लक्षणं दिसली तर साखर कितीही असो, गोळी थांबवा, रुग्णालयात जा आणि दारातच सांगा: 'मी डापाग्लिफ्लोझिन घेतो, रक्तातले कीटोन तपासा.' रक्तात कीटोन १.५ मिलिमोल प्रति लिटरच्या वर म्हणजे काळजी, ३ च्या वर म्हणजे तातडी. लघवीच्या पट्टीवर विसंबू नये, ती मुख्य कीटोन मोजतच नाही. मधुमेह नसलेल्यांसाठी दिलासा असा की डापा-सीकेडीत त्यांच्यापैकी एकालाही कीटोॲसिडोसिस झाला नाही. म्हणून पुढचे नियम मधुमेह्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, अधिक काटेकोर पाळायचे.

उलट्या, जुलाब, किंवा तापाने जेवण बंद झालं असेल तर त्या दिवशी गोळी घेऊ नका. त्याच दिवशी लघवीची गोळी, टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल आणि मेटफॉर्मिनही थांबवायचं असतं. पण हे आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा. हृदय कमजोर असलेल्याची लघवीची गोळी प्रत्येक वेळी थांबवता येत नाही, आणि पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या माणसाने ओआरएस किती प्यायचं हेही आधीच ठरलेलं असावं. इन्सुलिन थांबवायचं नाही, साखर बघून कमी-जास्त करायचं. खाणं-पिणं पूर्ववत झाल्यावर २४ ते ४८ तासांनी गोळी पुन्हा सुरू करा. नेमकं हेच राहून जातं. जुलाब बरे होतात, गोळी बंदच राहते, आणि चार महिन्यांनी पाकीट तसंच डब्यात सापडतं. थांबवलेल्या दिवशीच कॅलेंडरवर सुरू करायच्या दिवसाला गोल करा.

ऑपरेशनच्या आधी किमान तीन दिवस बंद. मोजायला चुकतात म्हणून उदाहरण: ऑपरेशन गुरुवारी असेल तर शेवटची गोळी रविवारी. सोमवार, मंगळवार, बुधवार नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. फक्त 'शुगरची आणि किडनीची औषधं चालू आहेत' एवढं पुरत नाही. आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीलाही हेच लागू, कारण त्यात रेचक आणि उपाशी राहणं दोन्ही येतं. ऑपरेशननंतर तोंडाने नीट जेवण सुरू झाल्यावरच परत.

उपासाचं नीट समजून घ्या. साबुदाण्याची खिचडी, भगर, ताक, पाणी असा एकादशीचा उपास असेल तर पोटात पिष्टमय अन्न जातच असतं, पाणीही असतं. त्या दिवशी गोळी बंद करायची गरज बहुतेकांना पडत नाही. ज्यांना पोटॅशियम जपायला सांगितलं आहे त्यांनी रताळी-बटाट्यांचं मात्र विचारून घ्यावं. हरतालिकेचा किंवा कुठलाही निर्जळी उपास वेगळा. किडनीचा आजार असताना निर्जळी उपास करू नयेच असं आमचं स्पष्ट मत आहे. करणारच असाल तर त्या दिवशी गोळी नाही, दुसऱ्या दिवशी जेवण-पाणी झाल्यावर. नवरात्रात नऊ दिवस फक्त दूध-फळांवर राहणाऱ्या इन्सुलिनवाल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही गोळी चालू ठेवू नये. रमजानच्या तोंडावर ती नव्याने सुरू करू नये. आधीपासून अंगवळणी पडली असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर इफ्तारच्या वेळी घ्यावी आणि पहाटेपर्यंत पाणी पीत राहावं. वजन घटवायला भात-पोळी पूर्ण बंद करण्याचा कीटो आहार आणि ही गोळी एकत्र नकोच. एका बैठकीत भरपूर दारू आणि रिकामं पोट, हेही तसंच.

पायी वारी, मे महिन्यातली शेतकामं, लग्नाच्या मांडवातला दिवसभराचा उकाडा: इथे धोका कीटोनपेक्षा पाण्याचा. तोंड कोरडं, लघवी गडद आणि कमी, उभं राहिलं की अंधारी, असं झालं तर गोळी थांबवा, सावलीत बसा, ठरवून दिलेल्या मर्यादेत पाणी प्या. आणि पाय दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा निमेसुलाइड घेऊ नका. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी हे त्रिकूट अंगात पाणी कमी असताना एकत्र आलं की किडनी दोन दिवसांत बसू शकते, आणि बोल मात्र नव्या गोळीला लागतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर ते सांगायला विसरू नका, या गोळीमुळे त्याची रक्तातली पातळी उतरू शकते.

खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवायला एक चिठ्ठी करा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत: 'मी डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम घेतो. माझा ईजीएफआर इतका, तपासल्याची तारीख ही. मधुमेह आहे किंवा नाही, इन्सुलिन चालू आहे किंवा नाही. उलट्या होत असतील किंवा मी बेशुद्ध असेन तर साखर कमी दिसली तरी रक्तातले कीटोन तपासा. ऑपरेशनआधी शेवटची गोळी कधी घेतली ते माझ्या घरच्यांना विचारा.' खाली घरच्या माणसाचा फोन नंबर. आणि त्या माणसालाही ही चिठ्ठी एकदा वाचून दाखवा.